हमीदाखालाची पाच मिनिटं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. हमीदाखालाचं स्वयंपाकघर घासायला घेतलं आहे. उद्या घरमालकाला किल्ली द्यायची आहे. खाला आणि तिचा नवरा उस्मानभाई परवा कायमचे दाभोळला गेले. तीस वर्षं इथे सौदीत, खमीस मुशैतमध्ये स्पेअर पार्टचं दुकान चालवलं, आता फायनल एक्झिट. टाइल्सवरची हळद तीस वर्षांची आहे, ती एका शुक्रवारी निघेल असं वाटत नाही.

सिंकखालच्या कप्प्यात खजुराचा पत्र्याचा डबा सापडला. वर कागद चिकटवलेला: ‘मास्तरीण’. ती मी. इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. डब्यात काय असणार ते उघडायच्या आधीच ठाऊक होतं. गर्भचाचणीच्या पट्ट्या, एक बॉलपेन आणि टोमॅटोच्या आकाराचं घंटीचं घड्याळ.

आमच्या बिल्डिंगमधल्या कोणत्याही बाईला शंका आली की ती खालाकडे जायची. कोपऱ्यावर फार्मसी आहे, पण तिथला केरळी फार्मासिस्ट सज्जन असला तरी त्याची बायको आमच्याच शाळेत आहे. तिथे पट्टी घेतली की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये अभिनंदन. त्यामुळे सगळ्यांची खरेदी खालाच करायची. अठ्ठावन्न वर्षांची बाई महिन्याला चार पट्ट्या नेते म्हटल्यावर त्याने एकदा न राहवून विचारलं, “अम्मा, अब भी?” खाला म्हणाली, “अल्ला की कुदरत, बेटा,” आणि पिशवी घेऊन निघाली.

तिचे नियम कडक होते. सकाळचं पहिलं पाणी. पट्टी रेघेच्या वर बुडवायची नाही. पाच मिनिटं टोमॅटो लावायचा आणि तोवर पट्टीकडे बघायचं नाही. “दहा मिनिटांनंतर दिसते ती रेघ नाय गो, भूत,” असं ती सांगायची. मग त्या पट्टीवर बॉलपेनने तारीख आणि वेळ घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. गुप्तता मात्र तिला जमली नाही, कारण ती टोमॅटो घेऊन बाथरूमच्या दाराबाहेर बसायची आणि ती घंटी डक्टमधून तिन्ही मजल्यांवर ऐकू जायची. घंटी झाली की घराघरांत लाटणी थांबत.

खालच्या मजल्यावरच्या स्नेहाचं प्रकरण बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. तिचा नवरा वेल्डर, लग्नाला दोन वर्षं झालेली. घंटी झाली, एकच रेघ. दुसऱ्या दिवशी कचरा टाकताना स्नेहाने पिशवीतली पट्टी पाहिली, तर दुसरी पुसट रेघ! तिने लगेच संगमेश्वरला सासूला फोन केला. सासूने तिकडे ग्रामदेवतेला नारळ बोलला आणि इकडे नवऱ्याने पेढे वाटले. माझ्याकडेही पेढा आला. मी तो हातात धरून असतानाच खाला जिना उतरून स्नेहाच्या दारात गेली.

“काल पाच मिनिटांनी नव्हती, आज कुठून आली? व्हिसा काढून आली काय?”

स्नेहा रडायला लागली. खालाने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण निकाल बदलला नाही. “आठ दिवस थांब. पाळी आली नाय तर परत बघू. पेढ्यांचं वाईट वाटून घेऊ नको, ते सगळे कामाला आले.” आठ दिवसांनी स्नेहाची पाळी आली. पुढच्या वर्षी खरी रेघ आली, वेळेत. तो मुलगा आता जिन्यावरून घसरगुंडी करतो.

मी या सगळ्याला हसायचे. मला त्या डब्याची गरज लागणार नव्हती. मी चव्वेचाळीस वर्षांची, मुलगी बारावीत, नवरा तीन महिन्यांसाठी कतीफच्या साइटवर. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाळी दोन आठवडे उशिरा आली आणि आली ती जाईना. थोडं थोडं, काळपट, नऊ दिवस. उजव्या बाजूला दुखायचं. मी हिशोब केला: वय झालं, आता बंद होणार, बंद होण्याआधी असंच होतं. गणित शिकवणाऱ्या बाईला आपलं उत्तर तपासून घ्यावंसं वाटत नाही. शिवाय दहावी ब चे पेपर तपासायचे होते.

खाला घावन घेऊन आली होती. दारातूनच म्हणाली, “वाकडी का बसलीस गो?”

“पाळी आहे. वयामुळे होतं असं.”

“किती दिवस?”

“नऊ. आली तीच दोन आठवडे उशिरा.”

तिने घावन ओट्यावर ठेवलं. “पट्टी लावलीस?”

“खाला, पाळी आलीय म्हणतेय ना. पाळी आल्यावर पट्टी कशाला?”

“रक्त आलं म्हणजे पाळीच, असं कोण बोललं? रक्ताला तोंड असतं काय नाव सांगायला?”

“माझी मुलगी बारावीत आहे!”

“मग? पोरगी बारावीत गेली की पोट रजेवर जातं काय?”

ती घरी गेली आणि डबा घेऊन आली. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा पट्टी लावणं सोपं होतं. दुपारचे तीन वाजले होते. मीच तिला सुनावलं, “सकाळचं पाणी लागतं ना?” ती म्हणाली, “दोन महिने होत आले. आता दुपारचं पण खोटं बोलणार नाय.” टोमॅटो वाजला. तिन्ही मजल्यांवर लाटणी थांबली असतील. दोन रेघा होत्या, दोन्ही ठसठशीत.

मी खुर्चीवर बसले. पहिला विचार हा आला की मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी मला नववा महिना असेल. मग म्हणाले, “बरं. उद्या शाळा सुटल्यावर डॉक्टरकडे जाते.”

“उद्या नाय. आता.”

“खाला, पेपर...”

“मास्तरीण, ऐक.” तिचा आवाज बदलला. “ही पट्टी फक्त हाय का नाय ते सांगते. कुठं हाय ते सांगत नाय. माझ्या पण दोन रेघा होत्या. रक्त जात होतं, एका बाजूला दुखत होतं, आणि मी खूश होऊन बसले. उस्मान जिझानला माल आणायला गेला होता, म्हटलं तो येईल, मग जाऊ. चार दिवस. मग मी न्हाणीत पडले. गर्भ नळीत होता, नळी फुटली. त्यांनी मला वाचवलं. त्यानंतर पट्टीवर कधी दोन रेघा आल्या नाय.” मग लगेच, “अबाया घाल. घावन डब्यात भरते, तिथे उशीर लागतो.”

इस्पितळात रिसेप्शनवरचा माणूस माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बघून नवऱ्याबद्दल विचारायला लागला. खालाच्या तीस वर्षांच्या अरबीत सगळे मिळून वीस शब्द होते, त्यातले दोन तिने वापरले. “दम! दम! यल्ला!” अरबीत दम म्हणजे रक्त, यल्ला म्हणजे चला लवकर. त्याने फोन उचलला.

डॉक्टरीण इजिप्तची, उंच आणि घाईत. खालाने तिच्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली: पट्टी, तारीख, तीन वाजून बारा मिनिटं. डॉक्टरणीने ती उलटसुलट करून पाहिली आणि इंग्रजीत मला विचारलं, “ही लॅबमध्ये काम करते का?” मी म्हटलं, “लॅब तिची स्वतःची आहे.” ती हसली. मग सोनोग्राफी केली आणि हसायची थांबली. गर्भ उजव्या नळीत होता. नळी फुटली नव्हती, पण फार दिवस थांबणार नव्हती. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आल्यावर मी म्हणे विचारलं, “दहावी ब?” खालाने गठ्ठा उशाशी आणून ठेवला होता. मुलगी पलंगाजवळ उभी राहून म्हणाली, “ममा, सीरियसली?” आणि मग बराच वेळ माझा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी नवरा कतीफहून आला. काय आणावं ते न सुचून त्याने पाच किलो खजूर आणला होता. तो खालाने वॉर्डभर वाटला. “पेढे नायत,” ती सगळ्यांना सांगत होती, “पण बाई हाय.”

परवा निघताना मी तिला विमानतळाच्या टॅक्सीत बसवलं. रडारड तिला चालत नाही, मलाही नाही. तिने काच खाली केली. “टोमॅटोची चावी घट्ट पिळ, नायतर चार मिनिटांत वाजतो. आणि रक्त दिसलं की घंटीची वाट बघायची नाय, गाडी बोलवायची. समजलं?” मी म्हटलं, “समजलं.” टॅक्सी गेली.

इथवर काल लिहून ठेवलं. आज सकाळी पट्ट्यांच्या पाकिटांवरच्या तारखा पाहिल्या. सहापैकी चार कालबाह्य झाल्या होत्या, त्या फेकल्या. घरमालकाला किल्ली दिली आणि तशीच कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेले. पाच माणसं रांगेत होती, त्यात शाळेतले दोन पालक. माझा नंबर आला तेव्हा, वर्गात बोलते त्याच आवाजात, चार पट्ट्या मागितल्या. फार्मासिस्टने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग काउंटरकडे पाहत हळूच विचारलं, “मॅडम, किसके लिए?”

“बिल्डिंग के लिए,” मी म्हटलं.