झेनेइदाची लाल पिल्लं

आमची झेनेइदा, म्हणजे माझी वहिनी, हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. गेल्या साली कोकोच्या बागेत तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भावाला ओल्मानला, तेर्सिओपेलो हा जहाल विषारी साप चावला. जीव वाचला, पण पाय गुडघ्यापासून कापावा लागला. तेव्हापासून तो बागेकडे फिरकला नव्हता.

काळ्या सोपिलोता सापाला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. तेर्सिओपेलोला गिळणारा तोच, त्याचं विष याला बाधत नाही. पण त्या सकाळी अंगणातल्या कोकोच्या सालींच्या ढिगातून निघाली लालभडक पिल्लं. डोकं काळं, मानेवर पांढुरका पट्टा.

"विषारी कोरल साप!" शेजाऱ्यांनी बोंब ठोकली. ओल्मान कुबडी टेकत कोयता घेऊन आला.

झेनेइदा ढिगापुढे फतकल मारून बसली. "ही सोपिलोताची पोरं आहेत. आईला याच ढिगातून निघताना पाहिलंय मी."

"आई काळी नि पोरं लाल? अक्कल गहाण टाकलीस काय?" ओल्मान खेकसला.

"तुम्ही काय मिशा घेऊन जन्मलात?"

सगळे खो खो हसले. ओल्मान नाही हसला. "माझा पाय गेला, झेनेइदा. आता आपल्या लेकरांचे पाय घालवू?"

तिचे डोळे भरले, तरी बया उठली नाही.

एवढ्यात एक लाल पिल्लू ओल्मानच्या उरलेल्या पायाकडे सरकलं. पायापासून वीतभर अंतरावर, पाचोळ्यात, तेर्सिओपेलोचं पोर दबा धरून बसलं होतं. पाचोळ्याच्याच रंगाचं, कुणाला दिसलंच नव्हतं. पिवळं शेपटीचं टोक तेवढं अळीसारखं वळवळत होतं, आणि अळी समजून एक बेडूक जवळ येत होता. बेडूक झेपावणार, तोच लाल पिल्लाने तेर्सिओपेलोची मान धरली, वेटोळे आवळले. तेर्सिओपेलो त्याला चावला, पुन्हा चावला. लाल पिल्लाला ढिम्म फरक नाही! डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. शेवटी पिवळं टोक बाहेर वळवळत राहिलं, मग तेही गडप.

"खा! खा गं माझे राणी!" ओल्मान कुबडी आपटत ओरडत होता. वर्षभरात त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. मला रडूच फुटलं.

मग त्याने कोयता झेनेइदाच्या हातात दिला. "धर. टोपलीही घे."

"कशाला?"

"कोको काय आपोआप तुटून घरी येणार आहे?"

आणि पिल्लांना वळसा घालून तो आमच्यापुढे बागेत शिरला.