टपावर दिलेला फोन

"पार्ट येणं बंद झालंय, ताई. जुनं मॉडेल आहे," कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस म्हणाला.

मला वाटलं, मस्करी करतोय. जुनं? अहो, तीन वर्षं झालीत घेऊन! माझं शिलाई मशीन लग्नाआधीचं आहे. त्याची बॉबिन केस आजही सातपूरमध्ये कुठल्याही दुकानात मागा, मिळते. आणि हा फोन तीन वर्षांत म्हातारा! चार्जिंगची एवढीशी पट्टी जळली होती, बाकी सगळा धडधाकट. तरी चालूच होईना.

फोनचं मला मेलं काही नव्हतं. त्यात हरसूलच्या एका मुलीच्या लग्नाच्या ब्लाऊजची मापं होती, आणि लग्न आठ दिवसांवर. तिच्या पाठीला लहानपणापासून बाक. एक खांदा वर, एक खाली. साधं माप तिला लागूच पडत नाही. तीनदा ट्रायल घेतली, टाचण्या लावल्या, सगळ्याचे फोटो काढून ठेवले. माप देताना पोरगी लाजेनं अर्धी व्हायची. शेवटी मीच म्हणाले होते, "आता पुन्हा नाही गं तुला उभी करणार. शब्द आहे माझा."

बाजारातल्या रिपेअरवाल्यानं फोन उघडून बघितला. "काकू, याच मॉडेलचा एखादा बंद पडलेला फोन आणा. त्यातली पट्टी काढून लावतो. दहा मिनिटांचं काम."

तसाच फोन घरात होता की! आमच्या ह्यांचा. दोघांचे एकदमच घेतले होते. त्यांच्या फोनची काच फुटली, त्यांनी नवा घेतला, जुना कपाटात पडून होता. आणि मागच्याच आठवड्यात "जुने मोबाईल द्या, टप घ्या" ओरडत आलेल्या माणसाला मी तो देऊन टाकला. वर घासाघीस करून मोठा टप घेतला! काय म्हणावं या अकलेला? दोन दिवस त्या माणसाला गल्लोगल्ली शोधलं. नाही सापडला.

माझं सिम ह्यांच्या नव्या फोनमध्ये घातलं, तर पहिला फोन त्या मुलीच्या आईचाच. "ताई, ब्लाऊज झाला का?" मग जे घडलं ते सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी एकटीच एसटीनं आली. मी काही बोलायच्या आत ओढणी बाजूला ठेवून उभी राहिली.

"चुकलं गं माझं," मी म्हणाले. "तो पार्टच मिळत नाही म्हणे कुठं."

"एवढं काय त्यात, मावशी?" ती हसली. "माझ्या पाठीचा तरी कुठं मिळतोय? डॉक्टर बी नायच म्हणले. चाललंय ना माझं? घ्या माप."

मी टेप तिच्या खांद्यावर लावला, पण भरल्या डोळ्यांना आकडे दिसेनात. शेवटी तिनंच खांद्यावरचा टेप स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला आणि आकडा वाचून मला सांगितला.