परातीतले किडे

दौंडच्या आठवडे बाजारात, चपलांची दुकानं संपली की चिंचेखाली जाईबाई पोतं अंथरून बसायची. समोर पितळी परात, परातीत पाणी, पाण्यात एक वीट आणि विटेवर लालबुंद तापवलेला लोखंडाचा तुकडा. त्यावर ती भुईरिंगणीच्या चिमूटभर बिया आणि तेलाचे दोन थेंब टाकायची. वर बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घालायची. त्या भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचायची आणि त्याचं दुसरं टोक माणसाच्या दुखऱ्या दातापाशी धरायची. धूर तोंडात जायचा, डोळ्यांना धारा लागायच्या. मग मडकं उचललं की पाण्यावर पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे किडे तरंगत असायचे. दातातून निघालेले किडे.

या बाईचा मी सव्वीस वर्षं हेवा केला. पुढेही केला, पण तो कसा ते नंतर सांगते.

माझे यजमान दातांचे डॉक्टर होते. स्टेशन रस्त्यावर आमचा दवाखाना होता, मागे राहतं घर. पेशंटची नावं लिहिणं, हत्यारं उकळणं, घाबरलेल्या मुलांना बोलण्यात गुंतवणं ही कामं माझी. रोजनिशी लिहायची सवय मला शाळेपासून आहे, त्यामुळे आकडे आठवणीतून सांगत नाही. १२ मार्च १९८९, बाजाराचा दिवस: दवाखान्यात चार पेशंट, चिंचेखाली एकतीस. भाजी आणायला गेले की मी ते मोजून येत असे. चार पेशंटांतले दोन आधी तिच्याकडे जाऊन आलेले असत.

डॉक्टर सांगत, की दातात किडा असतो असं एके काळी देशोदेशीचे शिकलेले वैद्यही मानत. अडीचशे वर्षांपूर्वी ते पुस्तकांतून गेलं. "तिथून निघालं ते आपल्या बाजारात येऊन बसलं," असं म्हणून ते हसत. मला हसू येत नसे.

१९९४च्या श्रावणात वरवंडचे पोपटराव आले. ऊसवाले, अंगाने दणकट, पण एक गाल आंब्याएवढा सुजलेला.

"किती दिवस दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार बाजार झालं."

"आणि चार बाजार कुठे होतात?" मी मध्येच बोलले.

"जाईबाईकडं. सात किडं निघालं बाई. म्या सोता मोजलं."

"मग सूज कशाने आली?"

"आठवा ऱ्हायला आसंल."

डॉक्टर मोठ्याने हसले. "बसा, आठवा मी काढतो," म्हणाले. दाढ निघाली. पोपटरावांनी ती धुऊन मागून घेतली आणि खिडकीशी जाऊन उजेडात उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्यात तर काय दिसंना."

"सात आधीच गेले ना," डॉक्टर म्हणाले.

पोपटराव समाधानाने गेले. बाजारात जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल हे मला न ऐकताही कळत होतं. मी डॉक्टरांवर चिडले. तुम्हीच असं बोललात तर लोक सुधारणार कसे?

"तिच्यापाशी माणूस अर्धा तास बसतो," ते म्हणाले. "ती हनुवटी धरते, घरचं विचारते. माझ्या खुर्चीत बसलेल्याचं लक्ष दाराकडे असतं."

रस्त्यात भेटली की ते तिला "जाईबाई, तुम्ही" म्हणत. सगळं दौंड तिला अगंतुगं करत असताना! "काय म्हणतात दात?" असं विचारत. ती पदर तोंडाला लावून म्हणायची, "तुमाला काय बोलणार दात? आमाशीच बोलत्यात." मग दोघं हसत. मी पिशवी घेऊन बाजूला उभी.

माझ्या वाट्याचं कौतुकही होतं, ते सांगायला हवं. दवाखान्याच्या भिंतीवर मी काढलेला जिभेचा तक्ता होता. टोकाला गोड, त्यामागे दोन्ही कडांना खारट, आणखी मागे आंबट, मुळाशी कडू. चार रंग. माझे वडील रेल्वेत होते. मिशनरी सिस्टरांच्या शाळेत मी शिकले, तिथे आमच्या समाजाच्या मुली दोनच. नववीत सिस्टर फिलोमिनांनी जिभेचं चित्र काढायला सांगितलं आणि माझं चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलं. माझं काही भिंतीवर लागण्याची ती पहिली वेळ. लग्नानंतर मी तेच चित्र मोठं करून काढलं. डॉक्टरांनी स्वतः खिळा ठोकला. खुर्चीत बसायला रडणाऱ्या मुलांच्या जिभेच्या टोकावर मी साखरेचे चार दाणे ठेवत असे आणि तक्ता दाखवत असे: "बघ, गोड इथेच लागतं." मुलं गप्प होत. डॉक्टर ते पाहत आणि हसत. चिंचेखालच्या परातीला माझ्याकडे हे उत्तर होतं.

१९९५च्या अखेरीस डॉक्टरांना हृदयविकाराचा झटका आला. पुण्याहून परतले ते अंथरुणावरच. फेब्रुवारीत त्यांची खालची दाढ ठणकू लागली. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती, त्यामुळे दाढ काढायची नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. लवंगेचं तेल झालं, गोळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "जाईबाईंना बोलाव."

मला वाटलं, चेष्टा करतात.

"अगं खरंच. बरं वाटेल."

१९५६ साली धम्म स्वीकारून माझ्या सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले देव भीमेत सोडले होते. त्या घरात मी धुरी कशी येऊ देऊ? आणि तीही दातांच्या डॉक्टरांच्या घरात? मी नाही म्हटलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुपारी मी गेले आणि तिला घेऊन आले. सबंध रस्ताभर मी तिच्या दहा पावलं पुढे चालले.

तिने खाटेशी परात मांडली. धूर थोडाच केला, देठ जरा लांबच धरला. पण हनुवटी धरली, ती अर्धा तास सोडली नाही. "डाक्टर, मान टाका माझ्या हातावर. आशी. ल्येक पुण्यात काय करतोय? सूनबाई बरी हाय न्हवं?" त्यांचे खांदे हळूहळू सैल झालेले मला दारातून दिसत होते. तीन दिवसांत माझ्या हाताखाली ते झाले नव्हते. तिने मडकं उचललं, तसं डॉक्टर मान उचलून परातीत पाहू लागले. ज्यांनी आयुष्यभर दात पोखरून पाहिले, ते बोट दाखवून मोजू लागले.

"पाच," ते म्हणाले.

"पाच," जाईबाई म्हणाली.

आणि ते हसले. फक्त एका कोपऱ्यातून, डोळे बारीक करून. मग तीन तास झोपले. त्या दिवशीच्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे: "जा. येऊन गेली. झोप लागली." पूर्ण नाव लिहायला हात धजला नाही.

एप्रिलमध्ये ते गेले. दवाखाना बंद झाला, जिभेचा तक्ता मी घरातल्या भिंतीवर आणून लावला. चिंचेखालची रांग तशीच राहिली.

ते "पाच" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. १९९९च्या जानेवारीत मी रेल्वे लाइनीच्या कडेने भुईरिंगणीची पिवळी फळं गोळा केली, काट्यांनी बोटं सोलवटून घेतली, बिया वाळवल्या. घरी परात मांडून मडकं पालथं घातलं. देठ नाही, दात नाही, माणूस नाही. मडकं उचललं तर पाण्यावर पांढरे किडे! भिंगाखाली धरून पाहिले. बी तापून फुटते आणि तिच्या पोटातला कोवळा कोंब उडून पाण्यात पडतो. तेच ते किडे. मी सहा वेळा करून पाहिलं, सहाही वेळा लिहून ठेवलं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पुढच्या बाजारी मी परात, वीट, मडकं हातगाडीवर घालून चिंचेखाली गेले आणि जाईबाईच्या समोर मांडलं. माणसं जमली. मी मोठ्याने म्हणाले, "नीट बघा. इथे कोणाचा दात नाही. देठसुद्धा लावलेला नाही." धूर निघाला. मडकं उचललं. "बघा! दात नाही, तरी किडे!"

परातीवर माना वाकल्या. मग पुढे बसलेली धुरपदा, बोरं विकणारी म्हातारी, गालावर हात ठेवून म्हणाली, "आगं बया! डाक्टरीणबाईच्या हाताला बी गुण हाय की!"

"धुरपदाबाई, मी काय म्हणाले ते ऐकलंत का?"

"आयकलं तर. दात न लावता किडं काढलं तुमी. जाईला तर दात लावावा लागतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "डाक्टरांनीच शिकिवलं आसंल जाताना." आणि रांग लागली. माझ्यासमोर. मी मोजली, अकरा माणसं होती. धुरपदा बसली आणि तिने तोंड उघडलं.

इथे मला खरं लिहायचं आहे. मला ते आवडलं. अकरा माणसं माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, त्या नजरेने कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी धुरपदाची हनुवटी धरली.

समोरून जाईबाई म्हणाली, "बाई, वरनं न्हाई, खालनं धरा. मान सैल सुटाय पायजे त्यांची."

मी तसं धरलं. म्हातारीच्या मानेचं ओझं माझ्या तळहातावर आलं. ऊन, जड, विश्वासाने टाकलेलं. बिया दुसऱ्या हातात होत्या. मी त्या खाली ठेवल्या आणि तिच्या तोंडात पाहिलं. "दाढ मुळापर्यंत गेली आहे. सरकारी दवाखान्यात जाऊन काढून घ्या."

धुरपदा उठली. "ह्ये तर कुनीबी सांगंल," म्हणाली आणि दोन पावलांवर जाईबाईसमोर जाऊन बसली. बाकीचे दहा जण तिच्यामागे गेले.

बाजार उठल्यावर जाईबाईने माझी वीट धुऊन हातगाडीवर ठेवली आणि दोघींसाठी चहा मागवला. मी तिला फुटलेली बी दाखवली, कोंब दाखवला. तिने लक्ष देऊन पाहिलं.

"म्या नऊ वर्साची हुते लगीन झालं तवा," ती म्हणाली. "नवरा गेला निघून, कुठं त्ये आजून ठावं न्हाई. सासूनं घराबाह्येर न्हाई काडलं. ह्या परातीम्होरं बसिवलं, हात धरून शिकिवलं. मरताना परात दिली. किडं दातातच आसत्यात, म्हणली. तुमी म्हंता बियात. आता बाई, सासू मला फशिवंल व्हय?"

मी बी पुन्हा पुडीत बांधली. पण त्यानंतर ती बाजाराच्या दिवशी माझ्याकडे चहाला येऊ लागली. मी येऊ दिलं. हेवा होता तसाच होता. डॉक्टरांचा विषय तिने काढला की माझा कप बशीत जरा जोरानेच आपटे.

२००२च्या दिवाळीत नात आली. गौतमी, दातांच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. तक्त्यासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, हे चुकीचं आहे गं."

"काय चुकीचं?"

"असे भाग नसतात. जिभेवर सगळ्या चवी सगळीकडे लागतात. आमच्या पुस्तकातही अजून हाच नकाशा आहे, पण मॅडमनी साखर ठेवून दाखवलं."

"सिस्टर फिलोमिनांनी शिकवलंय ते," मी म्हणाले. बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

ती फराळाला गेल्यावर मी चमच्यात साखर घेतली आणि आरशात पाहून जिभेच्या अगदी मुळाशी, कडूच्या जागी, ठेवली. गोड. कडेला, आंबटाच्या जागी ठेवली. गोड. सहासष्ट वर्षं मी त्याच जिभेने जेवत होते.

मग एक गोष्ट अंधूक आठवली आणि मी जुन्या वह्या काढल्या. दुसऱ्या दिवशी सापडली. ८ जुलै १९७१: "मुक्ता नावाची मुलगी, वय सहा. साखर ठेवली तर म्हणे, मागे पण गोड लागतंय. मी म्हटलं, नीट बघ, टोकालाच लागतं. डॉक्टर म्हणाले, 'टोकालाच,' आणि हसले. मुलगी आगाऊ."

टोकालाच. पाच.

ते हसू मला माहीत होतं. एका कोपऱ्यातून, डोळे बारीक करून. पहिल्यांदा ते परातीपाशी पाहिलं असं मी समजत होते. ते माझ्याच भिंतीशी, माझ्याच साखरेपाशी, मी तीस वर्षं पाहत आले होते आणि कौतुक म्हणून घेत होते. तक्ता खोटा आहे हे त्यांना ठाऊक होतं. जिला ते "तुम्ही" म्हणत तिलाही, आणि जिला "अगं" म्हणत तिलाही, त्यांनी एकाच हसण्यावर सोडून दिलं होतं.

पुढच्या बाजारी जाईबाई चहाला आली. मी विचारलं, "जाईबाई, डॉक्टर तुला कधी म्हणाले का, की हे किडे खोटे आहेत?"

"येकदा बी न्हाई." तिने बशी खाली ठेवली. "आन् तुमास्नी? तुमास्नी तर काय खोटं न्हाई ना सांगितलं कवा?"

तक्ता तिच्या पाठीमागेच होता. गौतमीने उतरवायला खिळा हलवला होता, मी तो पुन्हा ठोकून घेतला होता.

"मला कशाला सांगतील?" मी म्हणाले आणि तिच्या बशीत आणखी चहा ओतला. तिच्या वाट्याला पाच किडे आले होते. माझ्या वाट्याचं ‘टोकालाच’ मी तिला दाखवलं नाही.