अक्कांची तोफ

"माझ्याकडं बघू नगा! आपलं आपलं काम करा!"

माझ्या बांगड्यांच्या दुकानाच्या गच्चीवरून ही आरोळी आली की अख्खा बाजार मान वर करून बघायचा. भाजीवाली बघायची, गिऱ्हाईक बघायचं, चहा पिणारा कप तोंडाशी तसाच धरून बघायचा. मग वर अक्का कपाळावर हात मारून घ्यायच्या. "बघा, परत बघितलं! आता कसला फोटो येतोय, डोंबलाचा?"

आता तुम्हीच सांगा, लोकांच्या ध्यानात येऊ नये म्हणून जी बाई हातभर लांब लेन्स घेऊन गच्चीवर चढते, तिनं ओरडावं कशाला? मी हे त्यांना एकदा विचारलं. तर माझ्यावरच उसळल्या. "मग न सांगता काढू व्हय? चोर हाय का मी?"

ती लेन्स तुम्ही पाहायला हवी होती. पांढरट, जाडजूड, पुढची काच चांगली वाटीएवढी. उन्हानं तापू नये म्हणून अक्कांनी तिला जुन्या वाकळेचं अंगडं शिवलं होतं. आमच्या बीदरात किल्ल्याच्या बुरुजांवर तोफा आहेत, त्यामुळं नाव ठेवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. लेन्स झाली तोफ, आणि अक्का झाल्या तोफवाल्या अक्का.

त्याआधी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. "खांदे सरळ, हनवटी खाली, हसू नगा," हे म्हणण्यात त्यांची निम्मी हयात गेली. एक दिवस स्टुडिओ भाच्याच्या हवाली केला आणि काळविटांचे फोटो काढणाऱ्या कुणा हौशी माणसाकडून ही जुनी लेन्स घेऊन आल्या. लोक म्हणाले, म्हातारपणी डोकं फिरलं. अक्का म्हणाल्या, "काळवीट तरी पायानं पळतंय. माणूस कॅमेरा दिसला की उभ्या जागी पळून जातंय. त्याला लांबूनच धराया लागतंय."

अक्का लिंगायत. गळ्यात लिंगाची पेटी आणि तिच्या जोडीला कॅमेऱ्याचा पट्टा. एका सोवळ्या पाहुण्यानं नाक मुरडलं, "अक्का, लिंगाशेजारी हे काय लटकवलंय?" अक्का म्हणाल्या, "हे बी कायकच हाय माझं, हातातलं काम हीच पूजा. तुमाला अडचण आसंल तर डोळे मिटून बसा." पाहुणा डोळे उघडे ठेवूनच जेवून गेला.

त्यांची एक रीत होती. ज्याचा फोटो काढला त्याला दुसऱ्या बाजारी शोधून काढायचं आणि फोटो हातात द्यायचा. आवडला तर त्यानं घरी न्यावा. नाही आवडला तर अक्का त्याच्यासमोर टराटरा फाडायच्या आणि कॅमेऱ्यातूनही पुसून दाखवायच्या. नवीन आलेला एक पोलीस त्यांना दरडावायला गच्चीवर आला होता. "कुणावर नजर ठेवायलाव?" "समद्यावर." "कशापायी?" "कुणीतरी ठेवाया पाहिजे की." पुढच्या बाजारी अक्कांनी त्याला त्याचाच फोटो दिला. टोपी काखेत, तिखटमीठ लावलेला पेरू तोंडात, आणि चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा आनंद. गडी लाजला आणि गावाकडं आईला पाठवायला अजून एक प्रत मागून घेऊन गेला.

माझाही एक आहे. एका लेकुरवाळीच्या हातात मी बांगडी चढवतेय, तिची बोटं माझ्या मुठीत दाबून धरली आहेत. माझं तोंड कसं आहे ते आमच्या गल्लीला विचारा, फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्या फोटोत ते इतकं मऊ दिसतं की मी अक्कांना म्हटलं, "ही मी न्हाईच." त्या म्हणाल्या, "तूच हायस. तुला ठाऊक न्हाई एवढंच." तेव्हा मला रडू आलं होतं, आज सांगायला लाज नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

आमच्या रस्त्यावर बाजाराच्या दिवशी जवळच्या जनवाडा गावच्या बाया येऊन बसतात. दोन्ही कडांना टोपल्या. मेथी, अंबाडी, चिंच, पेरू. त्यांतली पहिली टोपली मल्लम्माची. तिचा सासरा मेंढरं राखायचा, तिच्या वाट्याला पेरूची चार झाडं आणि हा रस्ता आला. त्या रस्त्यावरच्या हातभर जागेवर तिचं घर चालतं. एका बाजारी अक्कांनी माझ्या गच्चीवरून त्या रांगेचा फोटो काढला. काय सांगू तुम्हाला! टोपलीला टोपली भिडलेली, हिरव्यावर पिवळं, पिवळ्यावर लाल, पदराला पदर. मुंगी शिरायला जागा नाही. अक्कांना इतका आवडला की आपली रीत विसरून त्यांनी तो कुणाला न दाखवताच व्हॉट्सॲपवर टाकला. तो गावभर फिरला.

आणि पुढच्याच आठवड्यात एक साहेब तोच फोटो मोठा छापून घेऊन बाजारात आले. खालच्या कन्नड मुलखातून बदलून आलेले, रस्ते मोकळे करायच्या कामावरचे. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, हा बघा पुरावा, रस्ता बंद आहे, या बायांना उठवावं लागेल.

मल्लम्मानं फोटो बघितला. मग वर गच्चीकडं बघितलं. "अक्का, तुझ्या तोफेनं आमच्यावरच गोळा टाकला की गं," म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. सगळ्याच जणी पाठ फिरवून बसल्या.

अक्का माझ्या दुकानात येऊन मटकन बसल्या. त्यांना त्यांच्या लेन्सची खोड ठाऊक होती. लांबचं ओढून जवळ आणते ती, आणि ओढताना मधली जागा गिळून टाकते. दहा पावलांवरची टोपली पुढच्या टोपलीला चिकटल्यागत दिसते. रस्ता तेवढाच असतो, फोटोत तो उरत नाही. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही. मी म्हटलं, "अक्का, विकून टाका ती तोफ." झालं! बाई ताडकन उठल्या. "कामून विकू? डोळ्यानं चुकीचं बघितलं म्हणून डोळे काढून टाकायलीस का तू?"

पुढच्या बाजारी त्यांनी खाली उतरून, रांगेच्या तोंडाशी उभं राहून, साध्या लेन्सनं फोटो काढला. दोन्ही फोटो माझ्या दुकानाच्या दाराला शेजारी शेजारी चिकटवले. एकात मुंगीला जागा नाही, दुसऱ्यात मधून रिक्षा चाललीय. लोक थांबून बघायचे आणि विचारायचे, "यातला खरा कुठला?" अक्का म्हणायच्या, "दोन्ही खरे. एक लांबून, एक जवळून. मल्लम्मा जवळ बसत्या का लांब?" तो दुसरा फोटो घेऊन त्या साहेबांकडंही गेल्या. साहेब म्हणाले, पहिला फोटो तुमचाच ना? अक्का म्हणाल्या, माझाच. "मग झालं," म्हणाले साहेब. अक्का म्हणाल्या, "झालं कसं? बाजाराच्या दिवशी या आन् माझ्यासंगं रस्त्यात उभारा." साहेब आले, पण ट्रक घेऊन आले.

इथं एक गंमत तुम्हाला समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कन्नडमध्ये 'एल्ला' म्हणजे सगळं आणि 'तेगी' म्हणजे काढून टाक. पण दार तेगी म्हणजे दार उघड, अंगडी तेगी म्हणजे दुकान उघड, आणि फोटोही तेगायचाच असतो. एका शब्दात सगळा संसार.

त्या दिवशी बाया टोपल्यांवर फडकी टाकून बसल्या होत्या. मांडावं की उठावं कळेना. अक्का गच्चीवर गेल्या नाहीत. तोफ मांडीवर घेऊन मल्लम्माशेजारी खाली बसल्या. मल्लम्मानं अंग चोरलं, पण सरक म्हणाली नाही. साहेब ट्रकमधून उतरले आणि ओरडले, "अंगडी तेगीरी! एल्ला तेगीरी!"

अक्का उभ्या राहिल्या. "ऐकलं का गं? साहेब म्हणायलेत, समद्यांनी दुकानं तेगा!"

क्षणभर कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग मल्लम्मानं पेरूवरचं फडकं ओढलं. शेजारणीनं मेथीवरचं. बघता बघता सगळी रांग उघडली आणि बाजार सुरू! साहेबांना वाटलं, बाया मराठी आहेत, कन्नड कळलं नसेल. बिचाऱ्यांनी होतं नव्हतं तेवढं मराठी गोळा केलं. "दुकान काढा! काढा दुकान!"

"काढलं की साहेब," अक्का म्हणाल्या, "आत्ताच तर काढलं. भवानी करा."

तुम्ही हसायलात, पण आम्ही तेव्हा पदर तोंडात कोंबला होता. साहेब लाल झाले. शेवटी हिंदीवर आले. "हटाव! दुकान हटाव!" आता याला दुसरा अर्थ नाही. मला वाटलं, संपलं. तर मल्लम्मा, जी जन्मभर मोहल्ल्यातल्या गिऱ्हाइकांशी दखनी हिंदीत भांडत आली, ती गालाला हात लावून म्हणते कशी, "ही कुठली भाषा म्हणायची, बाई? मराठी येतंय, कन्नड येतंय. ही काय न्हाई येत." आणि पलीकडचे केळीवाले चाचा, अगदी गंभीर तोंडानं, "हमना बी नै समज्या, साब."

साहेबांचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. साहेब त्या दिवशी परत गेले. मल्लम्मानं एक पेरू पुसून अक्कांच्या हातात दिला.

पण असल्या गंमतीनं रस्ता मिळतो होय? साहेब पुन्हा आले, पुन्हा पुन्हा आले. एकदा तर टोपल्या उचलायलाच लागले. मल्लम्माचे पेरू रस्ताभर गडगडले. तेव्हा अक्का धावत गेल्या आणि ती तोफ त्यांनी थेट साहेबांच्या नाकासमोर धरली. "उचला. म्या बघायले." टोपली उचलणाऱ्यांचे हात थांबले. साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि टोपल्या खाली ठेवायला सांगितल्या. मी नंतर विचारलं, "अक्का, फोटो दाखवा की." म्हणाल्या, "कसला फोटो? एवढ्या जवळून हिला काय बी दिसत न्हाई. आंधळी हाय जवळून. ते त्याला कुठं ठाऊक?"

निकाल मात्र काही लागेना. या सणापर्यंत बसा, पुढं बघू. पुढच्या सणापर्यंत बसा, पुढं बघू. बाया दर बाजारी यायच्या त्या आज उठवतात की काय या धाकानंच. अक्का आता रांगेतच बसायच्या. म्हणायच्या, "माझ्या फोटोनं गेलेली जागा हाय ही. परत मिळाल्याबिगर म्या मरत न्हाई."

हे एकच त्या खोटं बोलल्या. छातीत कळ आली म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, त्या परत आल्या नाहीत. मला अजून त्यांचा राग येतो. असं बोलून दाखवायचं आणि जायचं?

आमच्याकडं लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. फुलांच्या विमानात मांडी घालून बसवतात आणि खांद्यावर नेतात. त्या दिवशी नेमका बाजार. अक्कांचा भाचा म्हणाला, "मागच्या रस्त्यानं नेऊ. बाजारातून विमान जायचं न्हाई, अडकंल." मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?" तर म्हणाला, "तो फोटो न्हाई का बघितला? मुंगीला जागा न्हाई तिथं." घरचा पोरगा! मग माझं तोंड सुटलं. मढ्याच्या दारात भांडू नये म्हणतात, मी भांडले. "बाजारातूनच न्यायचं. अडकलं तर माझ्या खांद्यावर द्या." शेवटी भजनवाले पुढं झाले आणि विमान बाजाराकडं वळलं.

मी विमानाच्या पुढं चालत होते. कोपऱ्यावर आलो, तर समोर भरलेला बाजार, दोन्ही कडांना टोपल्या. लोकांनी मोबाईल वर काढले. साहेबांची दोन माणसंही तिथंच उभी होती, कारण बाजाराच्या दिवशी ती असतातच. भाचा घाबरला. हात हलवत ओरडला, "ए, उठा! टोपल्या उचला! जागा करा!"

एकही बाई उठली नाही. विमान पुढं सरकत राहिलं. अक्का त्यात बसलेल्या, कपाळभर विभूती, मान थोडी कलती. फुलांच्या झालरी दोन्हीकडच्या बायांच्या डोक्यावरून गेल्या, पण टोपलीला कुणाचा पाय लागला नाही. बाया बसल्या जागेवरून हात जोडत होत्या. भाचा परत ओरडला, "अगं, जागा करा म्हणतोय ना!"

मल्लम्माचे डोळे वाहत होते. ते पुसायलाही तिनं टोपलीवरचा हात काढला नाही.

"जागा लई हाय," ती मोठ्यानं म्हणाली, साहेबांच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "जाऊ द्या तिला मधून."