माझ्या नावाचा शब्द

ताईच्या सईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघतच होते. "मावशी, तू ये ना... बस, आ जाओ," एवढंच म्हणाली पोरगी. द्वारकेला ताईच्या घरी पोचेपर्यंत मेट्रोत उभ्या उभ्या मी स्वतःला बजावत होते, माझ्या ताईला काही होत नाही. ताई गेली होती... झोपेतच.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघी बहिणी वाढलो. प्रवेश परीक्षेसाठी इंग्रजीतले कठीण शब्द पाठ करताना माझं डोकं पार कामातून जायचं. ताई म्हणाली, "घोकतेस काय पोपटासारखी? प्रत्येक शब्दाला एक माणूस चिकटव." मग काय! 'गॅर्युलस' म्हणजे खालच्या मजल्यावरच्या आंटी, जिन्यात गाठलं की बडबडीतून सुटका नाही. 'पार्सिमोनियस' म्हणजे आमचे काका, पाहुण्यांना अर्धा कप चहा देणारे. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे बाबांची अडेलतट्टू स्कूटर. माणूस नसली तरी तिचा हक्कच होता तो. परीक्षा संपली, खोड राहिली. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, भाऊजी अकाली गेले; पण नवं कुणी भेटलं की त्याचा शब्द ठरवायला मी ताईला फोन लावायचीच.

फक्त माझा शब्द ती देईना. "अख्ख्या दिल्लीला वाटलेस, मी तुझं काय घोडं मारलंय?" मी चिडायचे. "थांब गं, तुझा अजून सापडत नाही," म्हणून ती हसायची. शेवटच्या रविवारीसुद्धा तिच्या जेवणाच्या टेबलाशी हेच भांडण. मी रुसून निघाले, तर लिफ्टपर्यंत मागे आली. "देईन म्हटलं ना!" कुठे दिलास गं ताई? असं कुणी जातं का?

तिला जाऊन महिना होत आला. परवा ताईकडे गेले होते... आता 'सईकडे' म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. सई त्याच टेबलाशी परीक्षेचे शब्द पाठ करत होती. ताईची खुर्ची आम्ही दोघींनीही ओढली नाही.

"मावशी, 'इन्कन्सोलेबल' म्हणजे?"

"काही केल्या ज्याची समजूत घालता येत नाही, असं माणूस."

आईनं लावलेली सवय. पोर शब्द पुटपुटत माणूस शोधू लागली. मग माझ्याकडे बघत राहिली. पुस्तक मिटलं, माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "हा तुझा, मावशी."

ताईला सांगायला मी फोन उचलला होता.