फरशीखालचं शेण

कापसाला कधी नव्हता असा भाव आला, त्या वर्षी सासऱ्यांनी ओसरीला दगडी फरशी घालायचं ठरवलं. गावात दुसऱ्या एका घरी आली होती, म्हणून आमच्याकडेही हवी. मला तेव्हा सहावा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण, आणि माहेर अकोटला. आठव्यात गाडीत बसवत नाहीत, म्हणजे सातवा सरायच्या आत मला निघायला हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, फरशी झाली की जा, मधेच हात कमी करू नको.

गवंडी अमरावतीहून आणला होता. त्यानं सांगितलं, आधी सारवणाचे थर खरवडा, मग खालची काळी माती हातभर काढा, ती पावसात फुगते आणि दगड उचलते. त्या जागी मुरूम भरून, पाणी मारून धुम्मसानं ठोकून बसवायचा. माती काढायला गडी होते. खरवडणं आम्हा बायकांवर आलं.

किती पिढ्यांचं शेण होतं ते देव जाणे. खुरपं घातलं की पापुद्रे सुटायचे आणि प्रत्येकाखाली काहीतरी निघायचं. केसांची गुंतवळं, चघळलेली सुपारी, झुरळांची अंडी. पोरं जिथं मुतली तिथं पिवळे डाग आत मुरले होते. भिंतीच्या बुडाशी उंदरांचं बीळ लागलं, त्यात उघडी गुलाबी पिल्लं एकमेकांवर वळवळत होती. मी परसात जाऊन ओकले. परत आले तर टोपली तशीच भरलेली, माझ्यासाठी ठेवलेली. भिंतींचेही पोपडे काढायचे होते. पुरुषमंडळी जिथं टेकून बसत तिथं त्यांच्या डोक्यांचे काळे तेलकट गोल उमटले होते. ते नखांत जायचं, आणि त्याच हातानं मी भाकर खायची.

मुरूम दगडासारखा बसला. सासरे तेव्हा कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेलेले. संध्याकाळी सासूबाईंनी मला शेण कालवायला लावलं. दगड कुठकुठून आलेला, त्याला कोणाकोणाचे हात लागलेले. खालची जमीन तरी शुद्ध पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी सगळा मुरूम सारवून काढला.

सकाळी गवंडी ते पाहून तसाच उभा राहिला. "बाई, शेणावर चुना धरत नाही," तो म्हणाला.

सासूबाई दाराआडूनच बोलल्या. "आमच्या घरात सारवल्याबिगर पाटबी मांडत नाही. तू दगड मांड."

त्यानं मांडला. आठवडाही झाला नसेल, फरश्या पायाखाली डुगडुगू लागल्या. चुना आणि शेण एकत्र येऊन असा उग्र वास सुटला, की डोळ्यांतून पाणी यायचं. सासरे परतले, त्यांनी दगड उचलायला लावले. खाली काळा चिकट राडा होता आणि त्यात पांढऱ्या अळ्या. तोही आम्हीच उपसला. माझा सातवा महिना सरत चालला होता.

पुन्हा मुरूम, पुन्हा धुम्मस. आणि पुन्हा संध्याकाळी सासूबाईंनी शेणाची पाटी माझ्यासमोर आणून ठेवली. या खेपेला पातळ सारव, म्हणाल्या. सासरे जवळच पान जुळवत बसले होते. त्यांच्यासमोर मी तोवर तोंड उघडलं नव्हतं.

"आत्याबाई, मी नाही सारवत," मी सासूबाईंना म्हटलं. "तुमाले सारवाचं असंन तं तुमी सारवा."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते पानाला चुना लावत राहिले. मग सासूबाईंनीच पाटी उचलली आणि परसात नेऊन ओतली.

फरशी पक्की बसली, पण तोवर मला आठवा लागला होता. अकोटला निरोप गेला की यंदा पाठवता येत नाही. मी मागच्या खोलीत बाळंत झाले, शेणाच्या जमिनीवर; दगड गार, बाळंतिणीला बाधतो म्हणे. ओसरीवर बारशाला आलेले लोक फरशीची वाखाणणी करत होते, ते मला आत ऐकू यायचं.

सव्वा महिन्यानं उठले, तेव्हा सासूबाईंनी पहिलं काम सांगितलं ते ओसरी पुसायचं. नव्या फरशीच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या पडून वाळल्या होत्या. बोटांनी खरवडल्याशिवाय निघत नव्हत्या.