पिरनवाडीच्या पुढचं आलं

"आप्पा, हे झाड कुठं मिळालं?" असं कुणीही विचारलं की भरमाप्पांचं उत्तर ठरलेलं असे. "पिरनवाडीच्या पुढं." आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात ते अटेंडर होते. वाळवलेली झाडं जाड कागदावर सुईदोऱ्याने टाचायची, खाली चिठ्ठी चिकटवायची आणि चिठ्ठीवर नाव, तारीख, ठिकाण लिहायचं, हे काम त्यांचं. बोटं नांगर धरणाऱ्याची, पण अक्षर मोत्यासारखं. नाव बरोबर, तारीख बरोबर, आणि ठिकाणाच्या रेघेवर मात्र दरवेळी तेच.

बेळगावकरांना सांगायला नको, पिरनवाडीहून एक रस्ता खानापूरला जातो आणि दुसरा जांबोटीवरून गोव्याला. म्हणजे पुढं म्हटलं की अख्खं रान आलं. एकदा चिकोडीहून परीक्षक म्हणून आलेले एक प्राध्यापक आमचं कपाट बघून थक्क झाले. एकाच ठिकाणी एवढ्या जाती! दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून ते पिरनवाडीला गेले आणि दुपारी वैतागून परतले. "अहो, तिथं गॅरेजं आहेत, नवी घरं आहेत. झाडं कुठं आहेत?" आप्पांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "सर, जरा आनि पुढं जायचं हुतं."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, ती का ते पुढे येईलच.

आप्पा खानापूर भागातल्या एका खेड्यातले. घरी भाताची थोडी शेती, मागे लागून रान. पहाटेच्या एसटीने यायचे, संध्याकाळच्या एसटीने जायचे. झाडं दाबायला लागणारी रद्दी ते खडेबाजारातून स्वतः निवडून आणत. माझा मराठी बाणा त्या वेळी जोरात होता, आणि गठ्ठ्यात सगळे कन्नड पेपर बघून मी एकदा कुरकुरले. "बाई," ते म्हणाले, "मराठी पेपरात फोटू लई. रंग फुलाला लागतोय. ह्यो कागद बघा, पानी कसं वडतोय." भाषेवरून भांडणाऱ्या बेळगावात हे वाक्य बोलायला जागा एकच होती, आमची प्रयोगशाळा.

झाड बघण्याची त्यांची एक रीत होती. सहलीत पोरांनी काही उपटायला हात घातला की ते ओरडत, "आदी उभं बघा रं, मग आडवं करा!" मग स्वतः उकिडवे बसून त्या झाडाभोवतीचा पाचोळा बोटाने बाजूला करत. शेजारी काय उगवलंय, मुंग्या आहेत का, ओल कितपत आहे, सगळं बघून झाल्यावर एखादी फांदी खुडत. आम्ही शिकलेली माणसं पान मोजायचो, ते जागा वाचायचे.

मी नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. आप्पा मला आपल्या गावच्या रानात घेऊन गेले. श्रावण होता, जळवांनी पाय रक्तबंबाळ झाले होते. ओढ्याकाठच्या दाट सावलीत त्यांनी एका ठिकाणी पाचोळा सारला आणि मला खाली बसवलं. कमरेएवढे तीन दांडे, हळदीसारखी पानं. पण फूल दांड्यावर नव्हतंच. बाजूला, अगदी मातीतून वर आलेलं, पिवळसर, ओठावर जांभळ्या रेघा असलेलं एकच फूल. "रानआलं," आप्पा कुजबुजले, जवळ कुणी झोपलंय असं. "एक दिवसाचं फूल. उद्या सकाळी गळालं. लहानपनी ह्या वड्याला लई हुतं. आता ह्ये एवढंच मला गावलंय."

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. आपल्याकडे फार क्वचित नोंद झालेली ही जात आहे, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. आप्पा बाटली भरायला ओढ्यात उतरले. माझ्या पिशवीत खुरपं होतं. आम्हाला शिकवलेलं असं, की आल्याच्या कुळातला नमुना मुळासकट, गड्ड्यासकट घ्यायचा, नाहीतर तो अपुरा. फूल तर गड्ड्यालाच चिकटलेलं. दहा मिनिटांत मी सगळं काढलं, एक मूळही तुटू दिलं नाही. त्या कौशल्याचा मला अभिमान वाटत होता.

आप्पा वर आले आणि बाटली हातात तशीच धरून उभे राहिले. एरवी मला "बाई" आणि "तुम्ही" म्हणणारा माणूस म्हणाला, "काय केलंस गं ह्ये?"

"आप्पा, नमुना पूर्ण लागतो ना."

"कागदावर पुरा झाला," ते म्हणाले. "रानात काय ऱ्हायलं?"

परतताना एसटीच्या थांब्यापर्यंत ते माझ्या शेजारून चालले नाहीत, दहा पावलं पुढेच राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र कामात तसूभर कसूर नव्हती. रोज कागद बदलून त्यांनी ते झाड असं वाळवलं, की फुलाच्या जांभळ्या रेघाही टिकल्या. जाड गड्डा दाबला जात नाही म्हणून तो उभा चिरून एकच अर्ध कागदावर टाचायचं असतं, तसं टाचलं. दुसरं अर्ध नेहमीप्रमाणे केरात गेलं असणार. मी विचारलं नाही.

मी एक लहानसा लेख लिहिला, कौतुक झालं. पुढच्या दोन पावसाळ्यांत मी त्या ओढ्याचे दोन्ही काठ एकटीने पालथे घातले. पुन्हा दिसलं असतं तर मला शांत झोप लागली असती. दिसलं नाही. त्या रानातलं शेवटचं रानआलं माझ्या कपाटात होतं, कडेला डांबरगोळ्या ठेवून. विद्यार्थी ते बघून वा म्हणायचे आणि मी घाईने कपाट लावून घ्यायचे. आप्पांशी हा विषय काढायची हिंमत मला वीस वर्षांत झाली नाही. त्यांनीही कधी टोमणा मारला नाही. फक्त मला त्या रानात पुन्हा नेलं नाही.

ते निवृत्त झाले, दम्याने घरी बसले. तरी सणाला फोन यायचा. दोन वर्षांमागे श्रावणात असाच आला. "बाई, येतासा काय? बूट घालून या, जळवा लई हाईत."

धाप लागत होती, तरी काठी टेकत ते स्वतः पुढे चालले. दर वीस पावलांवर थांबायचे आणि "तुमी दमलासा, बसू जरा" असं मलाच म्हणायचे. ओढ्याकाठी, त्याच सावलीत, त्यांनी काठीने पाचोळा सारला. बारा-तेरा दांडे होते. बुडाशी मातीतून उमललेली दोन फुलं.

मी वाकून दांडे पुन्हा एकदा मोजले.

"तुमच्या कागदावरच्याचं ऱ्हायल्यालं अर्धं," आप्पा म्हणाले. केरात टाकायचा तो गड्डा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. प्रयोगशाळेमागच्या नळाजवळ एक फुटकी घागर असायची, त्यात लावला. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जायचं, शिपाई घागर फेकायला निघायचे, आप्पा आडवे यायचे. "मेलं न्हाय रं, निजलंय." तीन वर्षांनी कोंब दणकट झाल्यावर एसटीत मांडीवर घेऊन त्यांनी तो परत आणला आणि होता तिथेच लावला. मी काठ पालथे घालणं त्याआधीच थांबवलं होतं. "दसऱ्याला फळ फुटतंय, आत लालभडक, कुकवाचा करंडा उघडल्यावानी. बिया मुंग्या नेत्यात. अजून पलीकडं काय उगवलं न्हाय. उगवंल."

"आप्पा, मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं..."

"तवा तुमच्या हातात खुरपं हुतं," ते म्हणाले. मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघून हसले. "आज आनायचं सुदिक इसरलासा."

मी तिथेच, चिखलात बसून रडले. ते काठी टेकत शेजारी बसले. मग म्हणाले, "आता मला हितवर येवत न्हाय गं. तू येत जा." थंडी सरता सरता आप्पा गेले.

त्यानंतर कॉलेजने सगळे नमुने संगणकावर चढवायचं ठरवलं आणि जुन्या चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे आलं. कपाट पहिल्यापासून काढलं. मी येण्याआधीच्या, आप्पांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांवर गावाचं नाव होतं, ओढ्याचं होतं, कुठल्या देवळामागे आणि कुठल्या फणसाखाली हेसुद्धा होतं. एकामागून एक, अशा शेकडो. मग एका कागदावर पहिल्यांदा "पिरनवाडीच्या पुढे" आलं. वर टाचलं होतं चिरलेल्या गड्ड्याचं अर्ध, जांभळ्या रेघांचं फूल, आणि खाली गोळा करणाऱ्याच्या जागी माझं नाव.

एवढी वर्षं आम्ही ज्याला हसत होतो ते आप्पांनी माझ्या खुरप्यापासून राखलेलं रान होतं.

ठिकाणाच्या चौकटीत मी काही बदल केला नाही. श्रावणात हात हलवत जाऊन येते. यंदा पंधरा दांडे आहेत, आणि ओढ्याच्या पलीकडच्या काठाला, जिथे कुणी काही लावलं नव्हतं, तिथे एक बोटभर कोंब. नेमकं कुठे म्हणून विचाराल, तर पिरनवाडीच्या पुढं.